नुसती लस

शिवा गेल्याचं मला कुणी सांगायची गरज पडली नाही. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेले सर्जन मला बघून थबकले, तेव्हाच कळलं. त्यांच्या हातात शिवाची जुनी फाईल होती, त्या सकाळी घाईत मीच कपाटातून काढून आणलेली. म्हणाले, "आजी, कंबर दुखायला लागली तेव्हाच ही बीसीजी दिल्याचं कुणी सांगितलं का नाही?"... सव्वा महिना झाला, तो प्रश्न माझ्या मागंमागं फिरतोय.

शिवा माझा धाकटा भाऊ. चादरींच्या दुकानात गठ्ठे उचलण्यात जन्म गेला त्याचा. बायको वारल्यावर माझ्याकडं राहायला आला. मग लघवीत रक्त दिसलं, मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली. ती काढली, आणि पुन्हा उगवू नये म्हणून दर आठवड्याला नळीनं आत औषध सोडायचे. तान्ह्या बाळाच्या दंडावर टोचतात तीच बीसीजी, म्हणून घरात तिचं नाव पडलं लस. दोन तास लघवी रोखून पडायचं आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. मी घड्याळ घेऊन खाटेशी बसायची. "अक्का, ही बाजू भाजली की, उलट आता!" असं म्हणायचा, जणू तव्यावरची भाकरीच. माझ्या बडबडीत वेळ टळली की, "करपवलीस व्हय मला!" हसायचो आम्ही... कॅन्सर घरात असताना हसायचो.

लस संपली, तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. पुढं काही महिन्यांनी कंबर धरली. संध्याकाळी बारीक ताप यायचा, सदरे ढिले व्हायला लागले. गठ्ठ्यांनी कंबर झिजली असेल म्हणून मी करडईचं तेल चोळत बसले. शेवटी जवळच्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नीट विचारलं हो, त्यांना बोल नाही लावणार. "गाठ काढल्यावर काही औषध? केमो?" शिवानं तोंड उघडलं, "ती आपली..." आणि मी मध्येच, "छे हो! केमोबिमो काही नाही, नुसती लस." करोनाची समजले असतील ते. शिवा हसला, "आमच्या अक्कापुढं माझं तोंड चालतंय व्हय, डॉक्टर?"

कंबरदुखीच्या गोळ्यांवर तीन आठवडे गेले. मग एका सकाळी तो पोट धरून न्हाणीत बसला, तो उठलाच नाही; उचलूनच दवाखान्यात नेला. सर्जननी नंतर समजावून सांगितलं, लसीतले जिवंत जंतू रक्तातून जाऊन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत बसले, तिची भिंत पोखरली, फुगा आला आणि तो फुटला. फार क्वचित होतं म्हणे असं. "आधी कळलं असतं तर?" मी विचारलं. त्यांनी फाईल मिटली आणि माझ्या हातात दिली.

येणारंजाणारं म्हणतं, नशीब. असेल. पण नशिबाला माझा आवाज कुठून आला?

खाट अजून तिथंच आहे, उशाशी घड्याळ. दुपारी मी तिच्याजवळ बसते, पंधरा मिनिटं, तोंड मिटून. सगळ्या जन्मात जे जमलं नाही ते आता जमतंय. "ती आपली..." एवढंच बोलला होता तो.

पुढचं बोल की रे शिवा. अक्का गप्प बसलीय.