सहा नोटा आणि काजाचं मशीन

मास्तरीणबाईंनी आयुष्यात एकाही मुलाला शिकवलं नव्हतं. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात. इथे शिवणारी बाई निघाली म्हणून गल्लीने तिची मास्तरीणबाई करून टाकली, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. दुकान दहा बाय बाराचं. तीन शिलाई मशिनं, कापायचं एक टेबल आणि भिंतीवरच्या दांडीला टांगलेले पांढरे डगले. दवाखान्यातल्या लोकांचे डगले शिवणं हा बाईंचा धंदा. हाताखाली दोन बायका होत्या आणि दोघींच्या चुली त्या डगल्यांवर पेटायच्या.

एका डगल्याला सहा काजं. गावात काजं पाडायचं मशीन एकच, आणि त्याच्या मालकाने या वर्षी स्वतःच डगल्यांचा धंदा सुरू केला. मग बाईंची काजं करून द्यायला त्याला सवड कुठली व्हायला? बाई त्याच्या पाया पडायला गेल्या नाहीत. हाताने काजं करू लागल्या. दिवसाला साठ, कधी सत्तर. चार महिन्यांत डोळ्यांपुढे माश्या उडायला लागल्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "हे बारीक काम आजपासून बंद. नाही केलंत तर वर्षभराने ठळक कामही दिसणार नाही." म्हणजे हिशेब सरळ होता. मशीन आणायचं, नाहीतर दुकानाला कुलूप लावायचं.

नव्या मशीनची किंमत ऐकून बाईंनी फोन अलगद खाली ठेवला, जणू तो आपटला तर त्याचेही पैसे पडतील. अशात दोरा पुरवणारा फिरता विक्रेता आला. तो सीमेपलीकडच्या देशातही दोरा विकायचा.

"तिकडे एक म्हातारा शिंपी दुकान बंद करतोय," तो म्हणाला. "त्याचं काजाचं मशीन एक नंबर आहे. बेचाळीस हजार, त्यांच्या पैशात. रोख. महिनाअखेरच्या शनिवारी बारा वाजेपर्यंत. नंतर जे उरेल ते भंगारवाल्याला."

"काही कमी करेल?"

"वीस वर्षं मी त्याला दोरा विकतोय. त्याने स्वतःच्या शिलाईचा दर कमी केलेला नाही आणि मला दोऱ्याचा करू दिलेला नाही."

बँकेत खातं वगैरे भानगड म्हाताऱ्याने ठेवली नव्हती, म्हणजे पैसे पाठवायचीही सोय नव्हती. आपल्या नोटा तिकडे कोणी हातात धरत नाही, डॉलर न्या, असं दोरेवाल्याने बजावलं. बाईंनी दुसऱ्याच दिवसापासून परकीय चलनाच्या दुकानाची पाठ धरली. एक नाही, तीन दुकानं. रोज सकाळी तिघांना फोन, आज भाव काय, आणि हातात किती पडणार. त्यातला एक तरुण दुकानदार अठराव्या दिवशी अगदी काकुळतीला आला. "आत्या, भाव बदलला की मीच फोन करीन, देवाशपथ." त्याने खरंच केला, आणि बाईंनी त्याच्याकडूनच सहाशे डॉलर घेतले. शंभराच्या सहा कोऱ्या करकरीत नोटा. देताना त्याने कानीकपाळी ओरडून सांगितलं, "घडी घालायची नाही, शाई लागू द्यायची नाही, डाग पाडायचा नाही. तिकडे नोट फार बघून घेतात."

बाईंनी त्याचा शब्द न् शब्द पाळला. घडी नको म्हणून नोटा पाकिटात ठेवल्या नाहीत. घाम लागून डाग पडायला नको म्हणून अंगाशी ठेवल्या नाहीत. बकरमचे दोन तुकडे कापले, कॉलर ताठ राहायला आत घालतात ते कडक कापड, आणि त्यांच्यामध्ये सहाही नोटा एकावर एक सपाट ठेवल्या. हा सँडविचसारखा प्रकार हातपिशवीच्या तळाच्या अस्तराखाली घातला आणि चारी बाजूंनी धावदोरा टाकला. नोटा आत सरकून कडेला मुडपतील, म्हणून मधोमध दोन टाके घेतले. सरकणाऱ्या कापडाला टाका घालायचा असतो, हे बाईंच्या हाताला मेंदूच्या आधी माहीत होतं. हात आपलं काम करून मोकळा झाला.

शुक्रवारी चारच्या सुमारास बाई पलीकडच्या शहरात बसमधून उतरल्या. तिथली भाषा त्यांना बाजारापुरती यायची. बसस्थानकाच्या दारातच चलन बदलायची खिडकी होती. भाव सहासष्ट. बाईंनी मनात गुणाकार केला, एकोणचाळीस हजार सहाशे. म्हाताऱ्याचं मशीन एवढ्यात येत नव्हतं. खिडकीतल्या माणसाने हसून बोलावलं, बाईही हसल्या आणि पुढे चालू लागल्या.

बाजारात चलन बदलणाऱ्यांची अख्खी गल्ली होती. पहिल्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत बहात्तर, खाली 'कमिशन नाही'. दुसरी कोणी असती तर पिशवीच उघडून बसली असती. बाईंनी विचारलं, "सहाशे दिले तर हातात किती?" दुकानदाराने खळखळ करत कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला. चाळीस हजार आठशे. बहात्तरचा भाव पाच हजार डॉलर आणणाऱ्याला होता, आणि ते तो पाटीवर मुंगीच्या अक्षरांत लिहून बसला होता. अशा माणसांचा बाईंना मनस्वी संताप यायचा. "पाटी रंगवायला खर्च बराच आला असेल," एवढं बोलून त्या दुकानाची पायरी उतरल्या.

चौथ्या दुकानात भाव एकाहत्तर, आणि हातात पडणारे बेचाळीस हजार सहाशे. बाईंचा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांनी छोट्या कात्रीने अस्तर उसवलं, बकरम उचकटलं, मधले टाके कापले आणि नोटा काउंटरवर ठेवल्या. गल्ल्यावरच्या पोरगेल्या मालकाने पहिली नोट दिव्यासमोर धरली. मग दुसरी. मग सहाही एकदम धरल्या आणि त्यांतून चार बारीक किरण आरपार आले.

"ही भोकं कसली?"

"सुईची," बाई म्हणाल्या. "टाका होता. सुईचं भोक हे काय भोक असतं? इस्त्री फिरवली की बुजतं."

"कापडाचं बुजत असेल, बाई. हा कागद आहे." त्याने नोटा परत सरकवल्या. "खराब नोटेला बासष्ट."

बाईंनी पुन्हा गुणाकार केला. बासष्टने सदतीस हजार दोनशे. तीस वर्षं सुई हातात धरलेल्या बाईने स्वतःच्या हाताने, नीट, सरळ रेषेत, स्वतःचे पाच हजार भोसकले होते. त्यांना स्वतःचा इतका राग आला की दोन मिनिटं त्या पिशवीचं तोंड बंद करत आणि उघडत उभ्या राहिल्या. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते काही आलं नाही. मग त्यांनी गल्लीतली उरलेली अकरा दुकानं एकेक करून पालथी घातली. पाच जणांनी नोटा घ्यायला नकार दिला, बाकी बहुतेकांनी साठ ते त्रेसष्ट सांगितले. एकाने तर सगळ्यांत गोड बोलून अठ्ठावन्न सांगितले.

लॉजच्या खोलीतून त्यांनी धाकट्या भावाला फोन केला.

"ताई, मिळतील तेवढे घे," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला सांग, उरलेले मी पुढच्या महिन्यात कोणाबरोबर तरी पाठवतो."

"तो थांबत नाही."

"मग ये परत. जिवाला त्रास करून घेऊ नकोस. दुसरं मशीन बघू."

"दुसरं मशीन कुठून बघणार रे? तू बघितलंयस का कुठे?" नाही, भाऊ म्हणाला. "मग झालं तर. जेवलास ना? ठेव फोन."

खाली लॉजच्या मालकिणीला बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. या गल्लीतले लोक खराब नोटा बासष्टने घेतात, तर त्या घेऊन पुढे करतात काय? लोणच्याला तर घालत नसतील. मालकीण हसली. मोठ्या बँकेत नेतात, म्हणाली. मुख्य शाखेत त्यासाठी वेगळी खिडकी आहे, शनिवारीही अर्धा दिवस उघडी असते, पण फॉर्म फार, वेळ फार, कोण जातं? बाईंनी शाखेचा पत्ता लिहून घेतला.

शनिवारी बँक नऊला उघडायची. बाई साडेसातला दारात हजर. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, काही मदत हवी का. वेळ पुढे सरकवता आली तर बघा, बाई म्हणाल्या. नऊ वाजता त्या पहिल्या आत शिरल्या, तर खराब नोटांच्या खिडकीवरची बाई यायची होती. ती आली पावणेदहाला. जाड चष्मा, हातात डबा, चेहऱ्यावर शनिवार.

"फॉर्म भरा. पासपोर्ट. नोटांचे नंबर. कारण लिहा, नोट कशी खराब झाली."

कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा बाईंनी थोडा विचार केला. 'आग', 'पाणी', 'उंदीर' असे पर्याय छापलेले होते, सुई कुठेच नव्हती. त्यांनी 'इतर'वर खूण करून खाली लिहिलं, मी शिवली. चष्मेवालीने वाचलं आणि पहिल्यांदा मान वर केली.

"म्हणजे?"

बाईंनी सगळं सांगितलं. बकरम, धावदोरा, मधले दोन टाके, काहीही न लपवता. चष्मेवाली हसली नाही, याबद्दल बाईंना तिच्याविषयी आदर वाटला. तिने दुर्बिणीसारखं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक नोट पट्टीवर ठेवून भोकं मोजायला घेतली. दहा वाजून वीस. सहा नोटा, चोवीस भोकं. मग ती नियमांचं जाड बाड घेऊन आतल्या साहेबाकडे गेली. पावणेअकरा झाले. शेजारच्या खिडकीवरचा माणूस बाईंना म्हणाला, "सोमवारी या ना, निवांत होईल." बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा आपल्या कागदांत शिरला.

अकरा वाजता चष्मेवाली परत आली. "तुमचं नशीब म्हणा नाहीतर तुमची सुई म्हणा," ती म्हणाली. "भोक एक मिलिमीटरच्या आत असेल आणि नंबरावर नसेल तर आम्ही नोट खराब धरत नाही. तुमचं एकही भोक अर्ध्या मिलिमीटरच्या वर नाही. कितीची सुई वापरता?"

"नऊ नंबर."

"दाभण वापरला असता तर गेल्या होत्या. साडेसत्तरचा भाव लागेल."

"हातात किती पडतील?" बाईंनी विचारलं.

"तपासणीचे दोनशे वजा. बेचाळीस हजार शंभर."

बाईंनी काउंटरची कड घट्ट धरली. आता मात्र त्यांचे डोळे भरून आले, आणि ते डॉक्टरांच्या त्या माश्यांमुळे नव्हे. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, चष्मेवालीचे आभार मानले आणि रस्त्याला लागल्या. वरचे शंभर रिक्षाने खाल्ले असते, पण मशीन न्यायला ते लागणारच होते. बाई चालतच निघाल्या, आणि चालत म्हणजे जवळजवळ पळतच.

बाराला सात मिनिटं कमी असताना त्या म्हाताऱ्या शिंप्याच्या दारात पोचल्या. भंगारवाला तराजू घेऊन पायरीवर बसलेलाच होता. आत रिकाम्या फळ्या, कोपऱ्यात गुंडाळलेले कागदी साचे, आणि मधोमध टेबलावर मशीन, तेलपाणी करून, पुसून ठेवलेलं. बाईंनी खिशातून एक चिंधी काढली, मशीनखाली धरली आणि एक काज पाडलं. मग नखाने दोन्ही टोकं तपासली. टाके घट्ट होते, कुठे दोरा सुटत नव्हता. त्यांनी बेचाळीस हजार टेबलावर ठेवले.

म्हाताऱ्याने बाईंच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं. "दोरेवाला म्हणाला होता काल संध्याकाळी येणार. उशीर का झाला?"

बाईंनी थोडक्यात सांगितलं. म्हातारा ऐकत गेला आणि शेवटी खो खो हसला.

"अहो बाई, मग सरळ माझ्याकडे यायचं. मी जन्मभर सुईच धरली, मला सुईच्या भोकाचं काय कौतुक? मी तुमचे डॉलर तसेच घेतले असते."

बाईंच्या टाचा ठणकत होत्या. कालची गल्ली, ती अकरा दुकानं, पहारेकरी, चष्मेवालीच्या खिडकीपुढचे दोन तास, सगळं एकदम डोक्यात चढलं. पण आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

"घेतले असते, बाबा. मला माहीत आहे. आणि सोमवारी तुम्ही त्या गल्लीत उभे राहिला असतात, आणि त्याच पोराने तुम्हाला बासष्ट सांगितले असते. तुम्ही बेचाळीस मागितले होते. माझ्या चुकीपायी सदतीस घेऊन कुठे जाणार होता तुम्ही?"

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. मग त्याने टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि तसाच कोटाच्या आतल्या खिशात घातला.

"मोजून घ्या," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मोजलेत," म्हातारा म्हणाला, आणि पेचकस घेऊन मशीन टेबलावरून सोडवायला खाली वाकला.