तेलाच्या डब्याखालचं कोडं

मी कळवणकडच्या शाळंत चौथीपर्यंत शिकले. पुढं शाळेचं नाव कोणी काढलं नाय. लग्न होऊन नाशकात आले नि चाळीस वर्सं भाजी विकली. अक्षराला अक्षर लावून वाचता यायचं. बसची पाटी, औषधाचं नाव, एवढंच. पेपर म्हणजे माझ्यासाठी कोथिंबीर गुंडाळून द्यायचा कागद.

आमचे मालक अंबडला कंपनीत लेथ मशीनवर व्हते. ते दहावी झालेले. चहाच्या सुट्टीत तिथं पेपर यायचा, त्यातलं शब्दकोडं सोडवायची त्यांला सवय लागली. रिटायर झाल्यावर घरी पेपर लावला, तो बी कोड्यासाठीच. ते कोडं आडवळणाचं असायचं. सरळ काय विचारायचंच नाय. "सगळे ओलांडतात, पण घरात कोणी नेत नाही," असं लिवलेलं, आन उत्तर काय, तर उंबरा. मला नवल वाटायचं, एवढी शिकलेली माणसं अशी काय बोलतात म्हणून.

उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायची. तोवर कालचं पान गादीखाली. सकाळी चहा झाला की ते पान काढायचं, लाल पेन्सिलीनं तपासायचं, आन खाली कोपऱ्यात शेरा मारायचा. "सोपं." "बरं." "हे उत्तर पटलं नाही." शाळामास्तर पोरांच्या वह्या तपासतो तसं हे पेपरवाल्याला तपासायचे.

एकदा तपासायच्या आधीच मी ते पान काढून त्यात कोथिंबीर बांधून दिली.

"एवढ्या रद्दीत तुला तेवढंच पान दिसलं का?"

"मला सगळी पानं सारखीच दिसतात."

"मला बी तुझ्या जुड्या सारख्याच दिसतात. उद्या मेथी म्हणून शेपू देतो गिऱ्हाइकाला, मग कळंल."

दोन दिवस बोलले नाय. तेव्हा ते न बोलणं रागाचं व्हतं. राग उतरला की बोलतील, हे ठाऊक व्हतं.

मागच्या साली आंघोळीला गेले ते मोरीतच बसले. लकवा. उजवा हात, उजवा पाय गेला, आन बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, "नाय". पाणी पायजे तरी नाय. पोट भरलं तरी नाय. लेक सासरहून आली, तिला बघून डोळ्यात पाणी आलं, तरी तोंडातून नायच.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम व्हत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. त्या म्हणल्या, "आजी, पहिले सहा महिने महत्त्वाचे. बोलणं जे परत यायचं ते बहुतेक तेवढ्यात येतं. पुढे फार कठीण होतं. रोज आणणं तुम्हाला जमणार नाही. घरी हे काय करायचे?"

मी कोड्याचं सांगितलं.

"मग तेच करा. तुम्ही वाचा, ते बोलायला बघतील. जे येईल ते लिहा, नाही आलं तर मोकळं सोडा. पंधरा दिवसांनी पानं मला आणून दाखवा."

भाजी विकणं बंद केलं. सकाळी त्यांला उठवायचं, धुवायचं, कपडे बदलायचे, घास भरवायचा. एवढ्यातच माझी कंबर धरायची. मग पेपर घेऊन बसायचं. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचायची, ते ऐकायचे. तोंड वाकडं व्हायचं, कपाळावर घाम यायचा, "ऊ… ऊ…" करायचे, आन मग "नाय" म्हणून भिंतीकडं तोंड फिरवायचे. अर्धा तास जायचा, एक शब्द यायचा नाय. सगळी घरं मोकळी. आठ दिवस मी ते बघितलं. नवव्या दिवशी मला बघवंना.

मग मी काय केलं, आजचा पेपर आला की तेलाच्या डब्याखाली दडवून ठेवायची. उद्याच्या पेपरात उत्तरं यायची, ती चुलीपाशी बसून वाचून घ्यायची, आन मग ते शिळं कोडं त्यांच्यापुढं मांडायची. तारीख दिसू नये म्हणून वरची बाजू आत दुमडायची. वाचून झालं की हळूच म्हणायची, "उं… उंब…" ते बघायचे माझ्याकडं. कधी मान हलवायचे, कधी "ऊबा" असं कायतरी निघायचं. मी लिवून टाकायची. मोकळी घरं भरली की मला बरं वाटायचं. ते भिंतीकडं तोंड फिरवत नव्हते, मला वाटलं, जमतंय.

मॅडमनी पानं बघितली. "अरे वा, आजोबा." वहीत लिवलं. पुढच्या वेळी म्हणल्या, "इतकं छान चाललंय तर आता महिन्यातून एकदाच या." मला बरंच वाटलं. रिक्षात त्यांला चढवायचं नि उतरवायचं, त्यात जीव निघायचा माझा.

महिन्यानं गेलो तेव्हा मॅडमनी स्वतःच्या पिशवीतून त्या दिवशीचा पेपर काढला. म्हणल्या, "आज माझ्यासमोर सोडवा." वाचलं एक. वाचलं दुसरं. ते घामानं भिजले. "नाय." तिसरं. "नाय."

मॅडम माझ्याकडं बघाय लागल्या. "आजी, घरी तर सगळं बरोबर येतं ना?"

तेवढ्यात ह्यांनी डावा हात लांब केला नि माझ्या मांडीवरची घरची पानं ओढली. एकावर बोट ठेवलं. कागदावर तेलाच्या डब्याचा तेलकट गोल डाग व्हता. दुसरं पान काढलं. तिथं बी गोल. तिसऱ्यावर बी. सगळ्यांवर. म्हणजे यांला पहिल्यापासून दिसत व्हतं. कोरा पेपर असा तेलकट येत नसतो, एवढं कळायला बोलता यावं लागत नाय.

मग त्यांनी मॅडमच्या हातातली पेन्सिल मागितली. डाव्या हातानं, लय वेळ लावून, पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं शेरा मारायचे तिथंच, दोन अक्षरं काढली. "हिचं."

मॅडमनी वही उघडून मागची पानं चाळली. मग म्हणल्या, "आजी, दोन महिने मी वहीत चुकीचं लिहिलं. या दोन महिन्यांत यांच्याकडून बोलणं घोटून घ्यायचं होतं."

"माझं चुकलं," मी म्हणले. दुसरं काय म्हणणार. वय झालं म्हणून कळलं नाय, असं म्हणता आलं असतं, पण मला कळत व्हतं. मला ते भिंतीकडं फिरलेलं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून केलं.

सहा महिने कवाच उलटून गेले. आता नाय सोडून पाच-सहा शब्द येतात. चहा येतो, ऊन येतं, लेकीचं नाव अर्धं येतं. ते दोन महिने हाताशी असते तर आणखी किती आले असते, ते कोण सांगणार. मी मोजत नाय.

कोडं रोज सोडवतो, त्याच दिवशीचं. रोज वाचून वाचून आता मला बी उत्तरं सुचाय लागलीत, कधी कधी त्यांच्या आधी. तेच लय जड जातं. घास भरवणं जड नाय, उचलणं जड नाय. ठाऊक असून गप बसणं जड जातं.

परवा तोच उंबरा आला, दुसऱ्या शब्दांत विचारलेला. मला लगीच कळलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पातेल्यातला भात गार झाला. मी पदर तोंडाशी धरून बसले. शेवटी त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आन ती तीन घरं तशीच मोकळी ठेवून पान माझ्याकडं सरकवलं. मी काय न लिवता ते तसंच गादीखाली ठेवलं.