चौथ्या दिवसाचं पाणी आणि वैशालीचा कान

आज चोपड्याजवळच्या एका गावात एक कान तपासला आणि तेव्हापासून माझं डोकं तापलंय. म्हणून इथे लिहितेय.

मी कानाची सर्जन. शस्त्रक्रिया करून बसवलेले कानाचे पडदे काही जणींचे पुन्हा का फाटतात, यावर माझं संशोधन चालू आहे. वैशालीचा पडदा मागच्या वर्षी असाच फाटला, म्हणून यंदा दुसऱ्यांदा बसवला. आज पाहिलं तर छान जमलाय. हळू बोललेलंही तिला ऐकू येतं.

"या वेळी वेगळं काय केलंस गं?" मी विचारलं.

शेजारी तिच्या सासूबाई, अक्का, बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, पाळीच्या चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. मागच्या वेळी घ्यावंच लागलं होतं."

अक्का उसळल्या. "आनि तशीच चुल्हाले शिवनी!"

"मी रांधं, बठ्ठासनी खादं," वैशाली म्हणाली. "कोनले काय व्हयनं?"

म्हणजे घरातल्या सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं होतं, अक्कांनीही.

कानात पाणी जाऊ देऊ नका, असं आम्ही प्रत्येकीला बजावतो. पण पाळीनंतर काय करता, हे आजवर एकीलाही विचारलं नव्हतं. आता पहिला प्रश्न तोच, आणि तोही सासूसमोर.

'डॉक्टरांनी घरच्या रीतीत पडू नये' असं कमेंटमध्ये लिहायचं असेल तर खुशाल लिहा. फक्त त्याआधी सांगा, तुमच्या घरात चूल मोठी की सुनेचा कान?