मोसंबीच्या बागेचा माणूस शोधत हिंजवडीपर्यंत

लडाखचं बुकिंग रद्द झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. रजा मंजूर, बॅग भरलेली आणि जायला कुठेच नाही. मी घरभर आदळआपट करत फिरत होते. माझे सासरे चहात बिस्किट बुडवत शांतपणे म्हणाले, "भांड्यांनी काय केलंय तुझं? मला एका ठिकाणी जायचंय. तू चल बरोबर."

"कुठे, बाबा?"

"हिंजवडी."

मला हसूच फुटलं. अहो, हिंजवडी काय फिरायला जायची जागा आहे? आठ वर्षं मी तिथे कंपनीच्या बसमधून नोकरीला गेले. एका सिग्नलला अख्खी डुलकी काढून व्हायची. तिथली नोकरी सोडली तेव्हा मी पेढे वाटले होते! पण बाबांनी बिस्किट संपवलं आणि पुढचं सांगितलं, तेव्हा माझं हसू गेलं.

बाबा कृषिशास्त्रज्ञ. माती आणि झाडांचं पोषण हा त्यांचा विषय. म्हणजे झाडाला कसली भूक लागलीय आणि माती ती भागवू शकते का, हे ओळखायचं. पस्तीस वर्षं नोकरी, नंतर विद्यार्थ्यांना शिकवणं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हिंजवडीच्या बबनराव नावाच्या शेतकऱ्याने मातीचा नमुना तपासायला आणला होता. बाबांनी तो तपासून 'मोसंबीस योग्य' असं लिहून दिलं. बबनरावांनी बाग लावली. चार वर्षांत ती पिवळी पडून गेली.

"माझ्यामुळे गेली का, ते विचारायचं राहिलंय," बाबा म्हणाले.

"इतकी वर्षं?"

"बदली झाली होती. पण ते निमित्त. खरं म्हणजे धीर झाला नाही. तो माझ्यापेक्षा मोठा आहे, सुजाता. दोघंही आहोत तोवर विचारलेलं बरं."

आमच्या घराण्यात सात पिढ्यांच्या नावावर एक गुंठा जमीन नव्हती, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं. त्या घरातला पोरगा साहेब झाला आणि त्याचं ऐकून कुणीतरी स्वतःच्या शेतात झाडं लावली. ती पहिलीच बाग होती. ती जाणं बाबांना किती लागलं असेल, हे मला त्या दिवशी चहाच्या टेबलावर समजलं. मी लडाखची बॅग रिकामी केली.

शुक्रवार: कसबा पेठ ते मार्केट यार्ड

पत्ता नव्हता. बाबांना एवढंच ठाऊक होतं, की बाग गेल्यावर बबनराव भाजी पिकवायचे आणि मार्केट यार्डात एका ठरावीक गाळ्यावर आणायचे. तेव्हा आधी गाळा शोधायचा, मग माणूस. (तुम्ही जाणार असाल तर शनिवार टाळा, बाजाराला सुट्टी असते. आणि सकाळी लवकर जा, दहानंतर नुसत्या रिकाम्या पाट्या बघाल.)

आम्ही कसबा पेठेत राहतो. सहालाच निघालो. बोळात दूधवाला, देवळाची घंटा आणि आमच्या शेजाऱ्यांची पाटी: 'येथे गाडी लावू नये. लावल्यास आमचे काही म्हणणे नाही, चाकांतील हवेची हमी मात्र नाही.' चालत मेट्रो स्टेशन गाठलं, दोन स्टेशनं गेली की स्वारगेट. तिथून रिक्षा. रिक्षावाल्याने विचारलं, "होलसेल का?" बाबा म्हणाले, "चौकशी." त्याने मीटर टाकलं.

मार्केट यार्डात शिरताना जीव मुठीत धरावा लागतो. "ए वाट! वाट सोडा!" म्हणत पाठीवर पोतं घेतलेले हमाल येतात आणि आपण बाजूला झालो नाही तर आपली चूक असते. फळांच्या भागात मोसंबीचे ढीग लागले होते. बाबा तिथे जे थांबले ते थांबलेच. एका फळाला चुकून पान राहिलं होतं, ते चष्मा वर करून बघत बसले.

गाळ्यावरचा माणूस वैतागला. "आजोबा, मोसंबी घ्यायचीय की तिची परीक्षा घ्यायचीय?"

"नापास झालीय," बाबा म्हणाले.

मला राहवेना. "काय दिसलं?"

"हे बघ, पान पिवळं, पण शिरा हिरव्या. कोवळ्या पानावर असं दिसलं की लोह कमी पडतंय. गंमत अशी, की मातीत लोह असतं. पण माती चुनखडीची असली की झाडाला ते घेता येत नाही. ताट वाढलेलं आणि हात बांधलेले."

मी आजवर मोसंबी फक्त आजारी माणसाला भेटायला जाताना घेतलेली. झाडही उपाशी राहतं आणि पानावर तशी तक्रार लिहितं, हे ऐकून मी त्या ढिगात आणखी पानं शोधायला लागले. मग मात्र गाळेवाल्याने हात जोडले. एक किलो घ्यावीच लागली.

भाजीच्या भागात चार गाळे विचारून झाले. पाचव्यावर पांढऱ्या मिशांचे आडते बसले होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारे. नाव ऐकताच त्यांनी मान वर केली.

"हिंजवडीचे बबनराव? माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. आता कसली भाजी आणतात! माण गावाच्या रस्त्याला चार मजली होस्टेल बांधलंय. गेल्या आठवड्यात लग्नात भेटले. ठणठणीत आहेत."

बाबांनी सुस्कारा सोडला. त्यांना आनंद झाला की भीती वाटली, ते मला कळलं नाही. बाहेर टपरीवर पोहे खाल्ले. पोहे गरम, स्वस्त आणि वर ओलं खोबरं. जरूर खा. बाबांनी अर्धे ठेवले.

शनिवार: हिंजवडी

मनपावरून थेट बस मिळते. कंपन्यांना सुट्टी असल्यामुळे तासाभरात पोचलो. एरवी याच वेळात मी वाकडपर्यंतसुद्धा पोचत नसे. खिडकीतून काचेच्या इमारती दिसायला लागल्या. मी हौसेने माझं जुनं ऑफिस दाखवलं. बाबा म्हणाले, "इथे ज्वारी असायची." पुढच्या इमारतीला म्हणाले, "इथे ऊस." आठ वर्षं मी या रस्त्याने गेले. खाली काय होतं, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

होस्टेल सापडायला वेळ लागला नाही. त्याच्या मागच्या बाजूला नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणला होता. बाबा दारात न जाता त्या खड्ड्याकडे गेले.

"बाबा, दार इकडे आहे."

"थांब जरा."

खड्ड्याच्या कडेने मातीचे थर उघडे पडले होते. वर हात-दीड हात काळीभोर माती. खाली मात्र पांढरे ठिपके, आणि जसं खाली जावं तसे मोठाले खडे. बाबांनी बाहेर टाकलेल्या ढिगातून एक खडा उचलला. समोर रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथून त्यांनी अर्धं लिंबू मागून आणलं आणि खड्यावर पिळलं. बारीक बुडबुडे आले, सोड्यासारखे.

"चुना," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला होता. कालच्या पानावर जे दाखवलं, तेच हे. या मातीत मोसंबी जगणार नाही, हे आता मलाही कळत होतं. मग बाबांनी 'योग्य' कसं लिहिलं?

"कोन हाय? काय पायजे?" मागून आवाज आला. ऐंशीच्या आसपासचे, टोपी घातलेले, हातात काठी. बाबांनी नाव सांगितलं. काठी जागच्या जागी थांबली.

"माती तपासनीचं सायेब?"

"हो."

"आरं द्येवा!" बबनरावांनी स्वतः जाऊन खुर्ची आणली, उपरण्याने पुसली आणि बाबांना बसवलं. चहा सांगितला. पण बाबा चहासाठी थांबलेच नाहीत.

"बबनराव, तुमची बाग माझ्या सल्ल्याने गेली का? तेवढंच विचारायला आलोय."

बबनरावांनी काठी खड्ड्याकडे केली. मग म्हणाले, "बाग हितंच व्हती. ह्या खड्ड्याच्या जागी."

"हो. माती आत्ताच पाहिली."

"पर तुमाला दिल्याली माती हितली नव्हती, सायेब."

मी दचकून बाबांकडे पाहिलं.

"वरच्या पट्टीची व्हती. तांबूस, मऊ. ही खालची लई वंगाळ, पांढऱ्या खड्यांची. म्हनलं, सरकारी हापिसात माती दावायची, तर चांगली दावावी. पाव्हण्याम्होरं फाटकं धोतार नेसून कुनी जातं व्हय? तुमी लिवून दिलं, योग्य. मी खूश! पर हीर खाली. वर पानी कोन वढनार? म्हनून बाग हितं लावली."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?" बाबांनी विचारलं.

"कुनाला सांगू? भावकी म्हनली, सायबानं बुडिवलं. गावानं तुमच्या नावानं लई शिव्या घातल्या, आन् मी आयकत बसलो. माझंच पाप." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमी आज आला, लई बरं केलं. माज्या छातीवरचा धोंडा उतारला."

मला तर नाचावंसं वाटत होतं. सुटलो! बाबांचं काही चुकलंच नव्हतं! पण बाबा हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "झाडं किती होती?"

"दोनशे."

चहा आला, भरपूर साखरेचा. दोघंही म्हातारे बशीत ओतून प्यायले आणि पावसाचं, गुडघ्यांचं बोलत बसले. निघताना बबनरावांनी बाबांचे हात बराच वेळ धरून ठेवले होते.

घरी

परतीच्या बसमध्ये मी अखंड बोलत होते. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, दमले असतील.

खर्च म्हणाल तर किरकोळ, कपडे फक्त मळले. लडाखपेक्षा जास्त काय मिळालं? रस्त्याने जाताना मी आता खणलेला खड्डा दिसला की वाकून बघते. घरचे म्हणतात, बाबांचा रोग हिला लागला.

रविवारी मी हा लेख लिहून काढला आणि बाबांना वाचून दाखवला. शेवट झकास केला होता: शास्त्रज्ञ बरोबर होता, शेतकऱ्याने माती खोटी दिली, उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"शेवट खोड," ते म्हणाले.

"का? काय चुकलं?"

"फळबाग लावायची असेल तर तीन फूट खोल खणतात. पहिल्या फुटाची एक पिशवी, दुसऱ्याची एक, तिसऱ्याची एक. झाडाचं मूळ खाली जातं ना. तीन पिशव्या आल्याशिवाय 'योग्य' लिहायचं नसतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं."

"मग?"

"त्याने एकच आणली होती. मी बघितलं, की एकच आहे. परत पाठवला असता तर त्याला पुन्हा येताना दिवस मोडावा लागला असता, आणि मला वाटलं, नवा साहेब अडवतो असं म्हणेल. म्हणून लिहून दिलं. तीन पिशव्या मागितल्या असत्या, झाडं लावायची त्या जागी जाऊन उभा राहिलो असतो, तर त्याला वरच्या पट्टीची माती देताच आली नसती."

"पण बाबा, त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय! आता हे कशाला लिहायचं? कुणाला कळणारही नाही."

"त्याने त्याचं कबूल केलं," बाबा म्हणाले. "माझं तू लिही."