डावीकडे आणलेली पॅनेलं

माझ्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ डिचोलीच्या बाजारात आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे आमचं घर. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाले लायसनच्या फोटोसाठी बाकावर ओळीने बसायचे आणि हे त्यांना आधी मागच्या नळावर तोंड धुवायला पाठवायचे. मीही तीस वर्षं त्याच दुकानात, पण माझं काम कात्रीचं. फोटो कापायचे, पाकिटात घालायचे, पाकिटावर नाव लिहायचं. कॉम्प्युटरला मी फडकं मारायचे, तेवढाच माझा त्याच्याशी संबंध.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले आणि तिथेच खाली बसले. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढत चालावं लागत होतं, आणि शब्द हरवले होते. सगळेच नाही. पण जे उरले ते भलत्याच ठिकाणी यायचे. चहा हवा असला की ‘छत्री’ म्हणायचे, चुकलं हे त्यांना कळायचं, आणि मग स्वतःवरच चिडायचे.

मुलगी बेळगावहून येऊन पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, “आई, दुकान बंद कर आता.” त्यांनी ते ऐकलं. ती गेली त्याच दुपारी ते भिंत धरत धरत दुकानात आले, कॉम्प्युटरशेजारच्या स्टुलावर बसले आणि डाव्या हाताने खुर्चीवर थोपटलं.

“बस.”

“मी? माका काय कळता त्यातला?”

“बस गे.”

मी पेडण्याची. माहेरी असताना टाईपरायटरसुद्धा जवळून पाहिला नव्हता. बसले.

फोटो सुधारायचं ते सॉफ्टवेअर उघडलं की मधे मोठी करडी रिकामी जागा आणि तिच्या चारी बाजूंना बारीक बारीक चित्रं. डावीकडे उभी पट्टी, तिच्यात ब्रश, खोडरबर, भिंग, शिक्का. वर मेनूची ओळ. तिच्या खाली आणखी एक पट्टी, ती डावीकडचं हत्यार बदललं की आपोआप बदलायची. हे मला चार दिवस कळलंच नाही. “काल इथे वेगळंच काहीतरी होतं,” असं मी रोज म्हणायचे आणि ते कपाळाला हात लावायचे. उजवीकडे एकाखाली एक चौकोनी खण. त्यांना पॅनेल म्हणतात. एक रंगांचं, एक लेयरचं, एक हिस्टरीचं. फोटोवर जे जे केलं त्याची एकाखाली एक यादी हिस्टरीच्या पॅनेलमध्ये दिसते.

त्यांना पॅनेल हा शब्द सापडायचा नाही. ते ‘कपाट’ म्हणायचे. लेयरला ‘चादर’. पण त्या चादरीमुळेच मला लेयर कळला. मूळ फोटोवर एक चादर अंथरायची, जे काय रंगवायचं ते तिच्यावर. बिघडलं तर चादर काढून टाकायची, खालचा फोटो जसाच्या तसा. “असं होय!” मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं मला.

एकदा माझं बोट कुठल्याशा बटणावर पडलं आणि पडद्यावरचं सगळं गेलं. पट्ट्या नाहीत, पॅनेलं नाहीत, मधे नुसता एक बारशाचा फोटो. “मोडलं! मी मोडलं!” मी ओरडले. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट टॅबच्या बटणावर ठेवून दाबलं. सगळं परत आलं. मग ते हसले. आजारानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूने वाकडं व्हायचं, तरी हसले. मी मुद्दाम परत ते बटण दाबलं, आणि परत हसलो दोघंही.

ते शिकवताना बहुतेक वेळा डोळे मिटून सांगायचे. मला वाटायचं, एवढ्या वर्षांची सवय, पाठ झालंय सगळं. मग एक दिवस ते पडद्याकडे बघत म्हणाले, “कपाट उघड.”

“उघडंच आहे की.”

“ना.”

“हे काय, हंय.” मी उजवीकडच्या पॅनेलवर बोट ठेवलं.

“ना! खंय?” कुठे आहे, असं विचारत होते ते, आणि मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी माऊस ढकलून दिला.

मग जेवायला बसलो. ताटातल्या डाव्या बाजूचा भात त्यांनी अगदी पुसून खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. “नुस्तें?” म्हणाले. मासा वाढला नाहीस का, असं. मासा ताटातच होता, उजवीकडे. मी ताट फिरवलं. मासा दिसल्याबरोबर ते खाऊ लागले.

म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “डोळे चांगले आहेत. पण उजवीकडे काही आहे, हेच त्यांचा मेंदू विसरतो. त्यांना काही कमी आहे असं वाटणारच नाही. हनुवटी धरून चेहरा हळूहळू उजवीकडे वळवायचा आणि थांबायचं. मग दिसेल.” डॉक्टरांनी हे त्यांनाही समजावलं. त्यांनी मान हलवली, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकत असावेत तशी.

बसमधून परत येताना मला वाटलं, कपाटं तिकडे दिसत नसतील तर ती इकडे आणू. पॅनेल कसं हलवायचं ते मला ठाऊक नव्हतं. दोन दुपारी खटपट केली. नावाच्या जागी धरून ओढलं की पॅनेल सुटं होतं, पडद्यावर तरंगतं, कधी दुसऱ्याच्या पोटात जाऊन बसतं. कडेपर्यंत नेलं की एक निळी रेघ उमटते, तिथेच सोडायचं. एकेक करून मी सगळी पॅनेलं डावीकडे आणून बसवली. मांडणी जपून ठेवायला कॉम्प्युटरने नाव मागितलं तेव्हा ‘घर’ असं लिहिलं. उजवी बाजू पूर्ण रिकामी. त्यांना आणून बसवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग एकेका पॅनेलवर बोट ठेवत गेले. “कपाट. कपाट. कपाट.” डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आणि त्यांनी डावा हात माऊसवर ठेवला.

आता खुर्चीत ते आणि स्टुलावर मी.

पहिलं काम मये गावच्या एका मुलीचं. स्थळाला पाठवायचा फोटो होता, गालांवर मुरमांचे डाग. डाव्या हाताने, एकेका डागावर थांबत, त्यांनी पाऊण तास काम केलं. मग हात उचलून म्हणाले, “झालं.” चेहऱ्यावर असं समाधान की मी उठून चहा टाकायला निघाले. जाता जाता पडद्याकडे बघितलं. मुलीचा एक गाल लोण्यासारखा झाला होता, नाकाच्या पलीकडचा तसाच होता, सगळ्या डागांसकट.

मी म्हटलं, “छान झालाय.”

ते दुपारी झोपले तेव्हा मी खुर्चीत बसले आणि त्यांनीच शिकवलेल्या ब्रशने दुसरा गाल करून टाकला. दुसऱ्या दिवशी मुलीची आई फोटो बघून म्हणाली, “भाऊ, हात आहे तसाच आहे हो तुमचा.” त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. “मी,” म्हणाले.

पुढे चार महिने असंच चाललं. सकाळी ते अर्धा फोटो करायचे, दुपारी मी उरलेला. बारसं, मुंज, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो. ते सुधारत होते, शब्द परत येत होते, आमच्या मुलीशी फोनवर चार वाक्यं बोलायचे. मला वाटायचं हे सगळं त्या कामामुळे, आणि मी केलं त्यात काही वाईट आहे असं एकदाही मनात आलं नाही.

त्या दुपारी मी एका नवरीच्या फोटोवर बसले होते. बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. रोज तो आमच्या दारात थांबायचा, त्या दिवशी पुढे निघाला, म्हणून मी पिशवी घेऊन पावासाठी धावले. शेजारणीने दोन गोष्टी विचारल्या, मी बोलत राहिले. परत आले तर ते उठून खुर्चीत बसलेले.

त्यांच्यासमोर, मीच आणून ठेवलेल्या जागी, हिस्टरीचं पॅनेल उघडं होतं. जेवायच्या आधी त्यांनी काम ‘झालं’ म्हटलं होतं. यादी मात्र तिथून पुढे कितीतरी लांब गेलेली. ते माऊसच्या चाकावर बोट ठेवून ती खाली खाली नेत होते. ब्रश, ब्रश, शिक्का, ब्रश.

“हे?” त्यांनी विचारलं.

“थोडं उरलं होतं.”

“खंय?”

मी पाव टेबलावर ठेवले. त्यांनी यादीत वर जाऊन, सकाळी जिथे काम सोडलं होतं त्या ओळीवर क्लिक केलं. फोटो सकाळी होता तसा झाला. ते बघत राहिले. त्यांना तो पूर्णच दिसत होता.

“दाखय,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा उजवीकडे वळवला. थांबले. आधी काहीच झालं नाही. मग त्यांचे डोळे एका जागी स्थिरावले आणि त्यांचं डावं बोट नवरीच्या न केलेल्या गालावर गेलं.

त्यांनी विचारलं, “सगळे?”

एवढे महिने मी रोज खोटं बोलत आले होते. तेव्हाच नेमकं मला ते जमलं नाही.

“सगळे,” मी म्हटलं.

“आधी सांगायचं.” दोनच शब्द, पण बिनचूक आले. तीस वर्षं माझा एकेक वाकडा कापलेला फोटो त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता, ‘परत काप’ म्हणून. मी रागवायचे, परत कापायचे. त्यांच्या कामाला मी तेवढाही मान दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरजवळ आले नाहीत. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले. मी आठवडाभर बोलावलं. “या ना, उजवीकडचं मी सांगत जाईन.” शेवटी म्हणाले, “तू कर.” रागाने नव्हे. रागाने म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

त्यानंतर ते वर्षभर होते. फोटो काढायला आलेल्या माणसाची कॉलर डाव्या हाताने सारखी करायचे, “मान वर,” म्हणायचे. माझ्याशी नीट वागायचे. चहा झाला की कप स्वतः आत आणून ठेवायचे. पण पडद्याकडे त्यांनी परत बघितलं नाही, आणि मीही क्षमा मागितली नाही. रोज वाटायचं, आज म्हणू. चवथीच्या आधी, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायच्या दिवशी, त्यांना दुसरा झटका आला आणि ते इस्पितळाच्या वाटेवरच गेले.

मी पालिकेत मृत्यूची नोंद करायला गेले तेव्हा तिथला माणूस फॉर्म भरत होता. “धंदा?”

“फोटोग्राफर.”

“म्हणजे आधी होते. आजारपणात बंदच असेल ना काम?”

“नाही,” मी म्हटलं. “चालू होतं.”

त्याने तसं लिहिलं. मी सही केली, बाहेर पायरीवर येऊन बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत बराच वेळ रडले.