काळ्या बाहीवरची नक्षी

ती नक्षी मी पुसली. केतकीनं नाही.

मी एडिनबरामधल्या एका म्युझियममध्ये जुनी तैलचित्रं साफ करतो. तेव्हा टेबलावर एक डच चित्र होतं. रेशीम विणणाऱ्यांच्या गिल्डचे, म्हणजे त्यांच्या संघाचे, पाच म्होरके. सगळे काळ्या कपड्यांत. अशा चित्रांवरचं जुनं व्हार्निश आम्ही ते विरघळवणारं सॉल्व्हंट लावलेल्या कापसाच्या बोळ्यानं, म्हणजे स्वॉबनं, काढतो. बोळा पिवळा झाला की समजायचं, व्हार्निश निघतंय. काळ्या रंगावर मात्र पंचाईत होते. बोळ्याला लागलेलं काळं हे मळ आहे की मूळ रंग, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून थांबायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं.

मी थांबलो नाही. कडेच्या म्होरक्याची बाही सकाळी माझ्या हाताखाली नव्यानं आलेल्या केतकीनं साफ केली होती. अजून मळ आहे असं वाटून दुपारी मी त्या बाहीवरून पुन्हा बोळा फिरवला.

दुसऱ्या दिवशी आमची बॉस फियोना भिंग घेऊन वाकली.

"इथे फुलं विणलेली होती. आपल्या मागावरचं रेशीम दिसावं म्हणून हा माणूस ऐटीत बसलाय. आणि आता नुसता काळा पट्टा! कोण काम करत होतं या बाहीवर?"

"आम्ही दोघंही," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच सोपं गेलं. मी सीनियर, केतकी प्रोबेशनवर. फियोनानं तिच्याकडे पाहिलं आणि तिला फ्रेम्सची धूळ काढायला पाठवलं.

केतकी लंडनच्या स्टॅनमोर भागातली, तिथेच जन्मलेली; मराठी मोडकंतोडकं. कामावर सगळ्यांसमोर मला नावानं हाक मारते, एरवी काका म्हणते.

नंतर मी त्या बाहीभोवती नुसत्या घिरट्या घालत होतो. दिवा डावीकडून लाव, उजवीकडून लाव. चहा करायचा आणि तिथेच विसरायचा. फुलं काही परत दिसेनात.

मग एकदा कॅन्टीनमध्ये केतकी माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, मी खूप रब केला का? मला वाटला, मी जेंटली केला. आता मी स्वॉब उचलते आणि परत ठेवते. प्रोबेशनच्या मीटिंगमध्ये मी सांगणार, मला हे काम नको."

माझी चूक तिनं स्वतःची मानली होती. मी उठलो आणि तडक फियोनाच्या ऑफिसात गेलो.

"ती बाही माझ्यामुळे गेली. केतकीचं काम झाल्यावर मी पुन्हा पुसली. न तपासता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"घाबरलो."

फियोनानं कामाची यादी पुढे ओढली. "चित्र केतकी पुरं करेल. फ्रेम्स अजून बऱ्याच राहिल्यात. त्या तू पूस."

चित्राच्या जुन्या फोटोवरून ती फुलं पुन्हा रंगवायची ठरली, पुढे कधी काढता येईल अशा रंगात. पण मूळ फुलं गेली ती गेलीच. बोळा काळा झाला की हात थांबवावा आणि कोणी विचारलं की नीट उत्तर द्यावं. दोन्ही गोष्टी मी नव्या लोकांना शिकवत आलो होतो.

केतकी स्टुडिओत आली तेव्हा मी टेबलाजवळची माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"केतकी, तुझा हात बरोबर होता. चुकला तो माझा, आणि मी तुझ्या आड लपलो. मला माफ कर."