पंखा जुना की नवा

त्याला सगळे ‘बघूया’ म्हणत. काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून आधी हाच शब्द निघायचा. लग्नाच्या वेळीही त्याने ‘बघूया’च म्हटलं होतं. तो होकार समजून सासऱ्यांनी तारीख धरली आणि संसार सुखाचा झाला. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी त्याची छोटी लाँच होती. ती मात्र तो डोळे मिटूनही चालवू शकला असता.

त्या सकाळी पाणी ओसरलेलं होतं. मधोमध काहीतरी खाडकन आपटलं आणि लाँच हीव भरल्यासारखी थरथरू लागली. कशीबशी ती धक्क्याला लावून, प्रवाशांना उतरवून त्याने ती उतारावर ओढून घेतली. खाली वाकून बघितलं तर लाँचला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पितळी पंख्याचं एक पातं कानासारखं दुमडलेलं, दुसऱ्याचं टोक उडालेलं.

धक्क्याजवळचा वेल्डर म्हणाला, “अरे, पातं सरळ करतो, टोक भरून देतो. जुन्या पितळेची सर नव्याला येते का?”

बघूयाला ते तंतोतंत पटलं.

दुपारी मेव्हणा आला. त्याचं इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. “भाऊजी, डागडुजी केलेल्या पंख्यावर माणसं बसवणार? उद्या भर नदीत पातं सुटलं तर?”

तेही पटलं. जो शेवटी बोलेल त्याचं खरं, असं त्याचं होऊन बसलं. जेवताना त्याने भातावर ताक घेतलं आणि त्यावर पुन्हा आमटी ओतली. बायकोने आमटीचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

शेवटी वेल्डरने पंखा दुरुस्त करून दिला. बसवला, तर थरथर तशीच. मेव्हण्याने मिशीवर ताव देत नवा कोरा पंखा आणला. “लावून बघा, नाही जमला तर परत द्या.” तो लावला. थरथर तशीच! मेव्हण्याचा चेहरा उतरला. वेल्डर खूश झाला, मग त्यालाही कळेना की खूश कशाबद्दल व्हायचं.

बघूयाचं डोकं पार गरगरलं. हादरतंय ते लाँच की आपले पाय, अशीच त्याला शंका येऊ लागली. “मला काही सुधरत नाही गं,” तो बायकोला म्हणाला. “जुना चुकीचा म्हणावा तर नवाही चुकीचाच.”

“मग दोन्ही बाजूला ठेवा. नीट बघू तरी.”

नवा पंखा उतरवून तो खाली उकिडवा बसला. बायको आत जाऊन इंजिनाचं चाक हाताने फिरवू लागली. पंखा ज्या दांड्यावर बसतो त्या उघड्या शाफ्टच्या टोकाजवळ त्याने सहज एक काडी धरली. टोक काडीला टेकलं, लांब गेलं, पुन्हा टेकलं.

“थांब!” तो ओरडला. “परत फिरव. हळू.”

“हळूच फिरवतेय. झालं काय?”

“शाफ्ट वाकलाय! आपण सगळे पंख्याच्याच नादाला लागलो होतो.”

लेथवाल्याने शाफ्ट सरळ करून दिला. मग बघूयाने दोन्ही पंखे पाळीपाळीने लावले. दोन्हींवर लाँच लोण्यासारखी चालली. झालं! आता तर गोंधळ दुप्पट. निदान एखादा तरी वाईट निघायला हवा होता.

वेल्डर आणि मेव्हणा धक्क्यावर उभे होते. दोघांपैकी कोणीच बोलेना. शेवटचं बोलणारं माणूसच उरलं नव्हतं. बघूयाने एकदा या पंख्यावरून हात फिरवला, एकदा त्या पंख्यावरून. घाम पुसला.

“जुना बसवतो,” तो म्हणाला. “ते खाली जे काही आहे ते अजून तिथंच आहे. पुन्हा आपटायचा तर हाच आपटू दे. नवा लाँचमध्ये बरोबर ठेवतो. तुझा पंखा घेतला मी, परत नेऊ नकोस.”

“बघा हं भाऊजी,” मेव्हणा म्हणाला.

“भर नदीत बदलणार कसा?” बायकोने विचारलं.

हे त्याला सुचलंच नव्हतं. तरी तो पाना उचलून जुन्या पंख्याचा नट आवळायला बसला.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप गेली तेव्हा आपटलं होतं त्या जागेला त्याने लांबून वळसा घातला. लाँच सुरळीत चालली होती. तरी त्याचा एक कान पूर्ण वेळ मागेच होता, आणि आपण केलं ते बरोबर की चूक, हे त्याला पलीकडचा काठ येईपर्यंत काही केल्या ठरवता आलं नाही.